सातव्या गल्लीतलं चाक

१

माझ्या मोठ्या पोरीला जुळं झालं आणि त्यातलं एकच जगलं, त्या वर्षाची ही गोष्ट. सन विचाराल तर कागद बघून सांगावा लागेल. जगलेल्या पोराचं वय विचारा, ते तोंडपाठ आहे. आता तो एकवीस वर्षांचा आहे.

पोरीचं घर शहराच्या टोकाला होतं. म्हणजे त्या वेळच्या टोकाला. आज तिथून पुढे बारा किलोमीटर शहर पसरलंय. उतारावर बंगल्यांची वरची वसाहत, तिच्या कुंपणाच्या भिंतीला आतून टेकून पत्र्याच्या सात खोल्या, त्यातली शेवटची पोरीची. भिंतीच्या पलीकडे खाली दवाखाना, बाजार आणि आमच्या रस्ते खात्याचं कार्यालय. भिंतीत एक लोखंडी फाटक होतं. त्या फाटकातून गेलं तर पोरीच्या दारापासून दवाखान्याचं दार तीनशे दहा मीटर. रस्त्यानं गेलं तर सहा किलोमीटर चारशे. दोन्ही मीच मोजलंय.

आदल्या वर्षी वसाहतीच्या कमिटीनं ठराव केला. खालची माणसं आमच्या गल्लीतून ये-जा करतात, फाटक कायमचं बंद करा. वेल्डिंग मारून बंद केलं. वेल्डिंग मारणारा माझा जावई. शेजारी राहत होता, काम मिळालं, केलं.

गुरुवारी सकाळी पोरीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तो तिला उचलून आधी त्या फाटकाकडेच धावला. आपणच बंद केलेलं फाटक लाथा घालून उघडतंय का बघत होता, असं शेजारणीनं सांगितलं. मग रिक्षा, मग सगळा वळसा. पहिलं मूल रिक्षात झालं आणि रिक्षातच गेलं. मुलगी होती. जावयानं दुपारी आमच्या कार्यालयात येऊन मोजणी साहेबांची कॉलर धरली. "तुम्ही रस्ते मोजता ना? मग हा रस्ता कुठाय? दाखवा, नाहीतर जीव घेईन," असं ओरडला. बारा माणसांनी ऐकलं.

मोजणी साहेब तिशीचे होते. त्यांनी कॉलर सोडवून घेतली आणि म्हणाले, "बरोबर बोलतोय तो."

खात्यानं त्या वर्षी शहरातले सगळे कोपरे मोजायला काढले होते. कुठल्या कोपऱ्यावर किती रस्ते मिळतात, किती गल्ल्या पुढे जातात, किती भिंतीला जाऊन थडकतात. माझं काम चाक ढकलायचं. काठीच्या टोकाला चाक आणि वर आकड्यांची डबी. एक मीटर झाला की 'टक' वाजतं, आकडा एकानं पुढे सरकतो. साहेब वहीत लिहायचे आणि वैतागायचे. "काका, जुन्या भागात शंभरातले नव्वद कोपरे पुढे जातात. नव्या भागात निम्म्या गल्ल्या बंद. ही वाढ नाही हो, ही सूज आहे."

सोमवारी मी कामावर नव्हतो, दवाखान्यात पोरीपाशी होतो. संध्याकाळी तिचे कपडे आणायला म्हणून दवाखान्यासमोरून चार पन्नासची बस धरली. बस रिकामी होती. चालक, वाहक, मी आणि मांडीवर दोन पिशव्या घेतलेली एक म्हातारी. मी सवयीनं वळणं मोजत बसलो. साडेपाचला वरच्या थांब्यावर उतरलो, तर सातव्या गल्लीत, फाटकाच्याच गल्लीत, गर्दी.

फाटक उघडं होतं. वेल्डिंग कापलेलं दिसत होतं. भिंतीच्या पायाशी मोजणी साहेब पालथे पडले होते, डोक्याची मागची बाजू फुटलेली. त्यांच्या बाजूला आमचं चाक भिंतीला नीट टेकवून ठेवलेलं. आमच्या कार्यालयात नकाशे काढणारे नकाशे मास्तर गर्दीतून पुढे आले. त्यांचं घर त्याच गल्लीत. खांद्याला ऑफिसची पिशवी, तोंड पांढरं पडलेलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चाक्या, घात झाला रे. मी आत्ताच येतोय, तर हे."

फौजदारानं रुमालात धरून एक हातोडी वर केली. वेल्डिंगवरची खपली काढायची, एका बाजूनं टोकदार. तिच्या दांड्याला लाल चिंधी गुंडाळलेली.

"ही कुणी ओळखतं का?"

चिंधी माझ्या जुन्या पागोट्याची होती. मीच ती हातोडी विकत आणून दिली होती.

"माझ्या जावयाची," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं.

२

मंगळवारी सकाळी फौजदारानं मला कोठडीपाशी सोडलं. जावई भिंतीकडे तोंड करून बसला होता. उजव्या हाताची तीन बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती.

"जावईबापू."

"मामा, पोरगा दूध पितो का?"

"पितो. तुम्ही काय केलंत ते सांगा."

"फाटक कापलं. दुपारी दोन वाजता. गॅसचं नळकांडं आणून कापलं. कमिटीच्या बाईंनी खिडकीतून शिव्या दिल्या, मीही दिल्या. मग साहेब आले खालून. मला वाटलं, ओरडतील. ते म्हणाले, बरं केलंस, आता मी ही गल्ली मोजून टाकतो. एकदा ही वाट वहीत चढली की बंद करायला यांना खात्याची परवानगी लागेल. मी कार्यालयात जाऊन चाक घेऊन येतो, म्हणाले. ते गेले. मीही गेलो."

"कुठे?"

"जिथे तिला पुरलं तिथे. संध्याकाळपर्यंत तिथेच होतो."

"कुणी बघितलं?"

"तिथे कोण बघणार, मामा?"

"आणि हातोडी?"

"फाटकापाशीच राहिली. भान नव्हतं."

फौजदार दारात उभा राहून दात कोरत होता. "ऐकलीत का गोष्ट? धमकी याची, हातोडी याची, जागा याच्या घराशेजारची. आणि कुठे होता, तर एकटा रडत. मला सगळेच असं सांगतात. संध्याकाळपर्यंत कबुलीवर सही करील, उद्या दुपारी कोर्टात उभा करतो."

"आणि नाही केली सही तर?"

"अजून सात बोटं आहेत की," तो म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

जावई माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामा, सही करून टाकतो मी. नाहीतरी फाटक मीच बंद केलं होतं."

३

संध्याकाळपर्यंतचा वेळ होता माझ्याकडे.

फौजदाराला खात्याच्या सामानाची पावती हवी होती, म्हणून चाक आणि वही ओळखायला त्यानं मलाच बसवलं. वही उघडली. मी बेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकलो, नकाशे मास्तरांकडून. जेवणाच्या सुट्टीत ते मला नकाशावरची गल्ल्यांची नावं बोट ठेवून वाचायला लावायचे. चुकलो की पट्टी मारायचे, बेचाळीस वर्षांच्या माणसाला. पण शिकवलं. साहेबांचं अक्षर मला म्हणून लागलं.

शेवटच्या ओळीत होतं: 'गल्ली सात. आरंभ: फाटक. शेवट:' आणि पुढे कोरं.

चाकाची डबी बघितली. चारही घरांत शून्य.

"यात बघण्यासारखं काय आहे?" फौजदारानं विचारलं. "मोजायला सुरुवात करायच्या आधीच मेला बिचारा. म्हणून शून्य."

मलाही तसंच वाटलं. चाक फाटकापाशी, माणूस फाटकापाशी, आकडा शून्य. साहेब आले, आरंभ लिहिला, आणि पाठीमागून घाव बसला. सगळं जुळत होतं, आणि जुळलं की जावई मेला.

तरी मी चाक हातात धरून बसलो. टायर पुसायची माझी सवय आहे म्हणून अंगठा फिरवला. टायरच्या खाचांत पिवळी माती होती. फाटकापाशी सगळा लाल मुरूम. पिवळी माती सातव्या गल्लीत एकाच ठिकाणी आहे. गल्ली जिथे वळते तिथे, नकाशे मास्तरांच्या दारात, त्यांच्या बागेला आणून टाकलेली.

"फौजदार साहेब, चाक चाललंय."

"काय?"

"हे चाक वरपर्यंत गेलंय."

"मग आकडा?"

तेच तर. मी उठलो. उत्तर मला तिथे बसून मिळणार नव्हतं.

४

वर जाताना दवाखान्यात डोकावलो. पोरगी कुशीवर पडून पोराकडे बघत होती.

"त्यांनी मारलं का, बाबा?"

"नाही गं."

"नाही का?" ती म्हणाली. "मारायचं होतं. साहेबांना नाही. त्या बाईला."

मी पायीच निघालो, फाटकातून जाऊ म्हणून. पण फाटकापाशी दोन माणसं बसलेली, चष्मा लावून. कमिटीनं दुसरा वेल्डर आणला होता. साहेबांच्या रक्तावर मुरूम पसरला होता आणि निळ्या ठिणग्या उडत होत्या. मी परत खाली आलो आणि बस धरली.

कमिटीच्या अध्यक्षबाई गल्लीच्या मधोमध राहतात. त्यांची खिडकी गल्लीवर उघडते, आणि त्या दिवसभर त्या खिडकीतच असतात. दार उघडून त्यांनी मला पायपुसण्यावरच थांबवलं.

"तुम्ही त्या वेल्डरचे सासरे ना? काम मात्र छान केलं होतं हं त्यानं. एक वर्ष कुणाला हलवता आलं नाही."

"माझ्या पोरीलाही नाही आलं."

"ते फार वाईट झालं," त्या म्हणाल्या, जसं कुणी हवा बिघडल्याचं म्हणतं. "मी बघत होते ना गुरुवारी. मी खिडकीतून सांगितलंसुद्धा, अहो लाथा काय मारताय, रिक्षा बघा. ऐकेल तर शपथ."

मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवी होती.

"सोमवारी साहेबांना तुम्हीच आधी बघितलंत?"

"पाच वाजून दहा मिनिटांनी. फाटक बंद करायला कुणाला पाठवावं म्हणून बघायला गेले, तर हा प्रकार. माझं ब्लडप्रेशर अजून उतरलेलं नाही."

"त्याआधी काही ऐकलंत?"

"ऐकलं म्हणजे? डोकं उठवलं त्यानं! ती तुमची टकटक. मी जरा आडवी झाले होते. फाटकापासून सुरू झाली, टक, टक, टक, माझ्या खिडकीखालून वर गेली, आणि तिकडे वळणावर थांबली. म्हटलं, चला, सुटलो."

"परत खाली आली का टकटक?"

"नाही. बोलत बोलत कुणीतरी खाली गेलं, पुरुष माणसं. पण टकटक नाही."

"कोण बोलत होतं?"

"मी काय लोकांची बोलणी ऐकते की काय?" त्या चिडल्या. मग म्हणाल्या, "एकजण हसत होता. मेलेला तोच असावा, त्याला हसायची खोड होती. दुसऱ्याचं ऐकूच येत नव्हतं."

मी त्यांना नमस्कार केला. चाक वर गेलं टकटक करत आणि खाली आलं मुकाट. म्हणजे कुणीतरी ते उचलून आणलं होतं.

५

आता आमच्या कामाची एक रीत सांगतो, कारण सगळं तिच्यावर आहे.

परक्या माणसानं चाक हातात घेतलं की तो ते ढकलतच नेतो. पोरं, शिपाई, चोर, सगळे. चाक दिसलं की ते फिरवावंसं वाटतं. आमच्या खात्यातला माणूस मोजायचं नसेल तर चाक कधी जमिनीला लावत नाही. उचलून नेतो, नाहीतर आकडा बिघडतो. आणि खाली टेकवलं की अंगठा आपोआप डबीच्या पोटात जातो. तिथे एक बटण असतं, बाहेरून दिसत नाही. दाबून अर्धा वेढा फिरवलं की चारही घरं शून्यावर येतात. नव्या माणसाला ते बटण दाखवलं तरी सापडत नाही.

आणि त्याच्याआधी एक नियम. लिहिल्याशिवाय शून्य करायचं नाही.

साहेबांनी लिहिलं नव्हतं. 'शेवट' कोरा होता. म्हणजे त्यांनी शून्य केलं नाही. जावयाला ते बटण माहीत नाही. चाकाला त्यानं कधी हात लावलेला नाही. फौजदारालाही मी विचारलं होतं, त्याच्या माणसांनी चाक फक्त काठीला धरून गाडीत टाकलं होतं.

खात्यात आम्ही मोजणीचे तिघं. साहेब, मी, आणि टेबलावर बसायला लागण्याआधी वीस वर्षं उन्हात चाक ढकललेले नकाशे मास्तर. मला ते बटण दाखवलं त्यांनीच.

मी वळणावर जाऊन उभा राहिलो. फाटकाकडे तोंड केलं, मग पाठ केली. खालून रस्ता सरळ वर येत होता आणि मास्तरांच्या घराला अडून कमरेत मोडल्यासारखा डावीकडे वळत होता. घराच्या मागे, कुंपणापलीकडे, मोठ्या रस्त्याचे दिवे त्याच सरळ रेषेत दिसत होते. सहा वर्षं मी त्या घरात जात-येत होतो. चहा पीत होतो. रस्ता कुठून मोडलाय हे मला, रस्ते मोजणाऱ्याला, दिसलं नव्हतं.

दार मास्तरांनीच उघडलं. साहेब गेले म्हणून कार्यालय बंद होतं.

"ये, चाक्या. सुटला का जावई?"

"तुमच्या हातात आहे, मास्तर."

६

त्यांची बायको आतल्या खोलीत पलंगावर असते. चार वर्षांपूर्वी कमरेखालचं अंग गेलं, आता बाकीचंही जात होतं. पलंग रस्त्याच्या बाजूच्या खिडकीला लावलेला. आतून आवाज आला, "कोण आलंय हो?"

"चाक्या आलाय."

"त्याला म्हणावं बस. नातू बघायला मला कोण नेणार आता?"

मास्तरांनी मधलं दार ओढून घेतलं. मी उभाच राहिलो. मनात म्हणत होतो, यांनी काहीतरी असं सांगावं की माझं सगळं खोटं ठरेल.

"सोमवारी तुम्ही घरी कसे आलात?"

"कसा म्हणजे? रोजच्यासारखा. चार पन्नासची बस."

"चार पन्नासची?"

"मग? साडेपाचला थांब्यावर उतरलो, येतो तर गर्दी. तिथेच तर तू भेटलास."

"त्या बसमध्ये मी होतो, मास्तर."

ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. खुर्चीचा हात धरून हळूच बसले.

"खिडकीशी?" त्यांनी विचारलं.

"खिडकीशी. माझ्याशिवाय एक म्हातारी होती."

भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. मी मातीचं सांगितलं, टकटकीचं सांगितलं, शून्याचं सांगितलं. शून्याचं ऐकताना त्यांनी आपला उजवा अंगठा वर धरला आणि त्याच्याकडे बघितलं, दुसऱ्याचा असावा तसा.

"जुन्या आराखड्यात इथून बारा मीटरचा रस्ता होता," ते म्हणाले. "दवाखान्यापासून थेट मोठ्या रस्त्याला. प्लॉट पडत होते तेव्हा नव्यानं नकाशाचं शीट काढायचं काम माझ्याकडे आलं. मी रस्ता काढलाच नाही. साधी गोष्ट. दोन रेघा कमी. कोण बघतंय? मग ती जागा मीच घेतली. रस्त्यावर घर बांधलं, आणि भिंत आपोआप आली. बंद गल्लीला भिंत आपोआप येते."

"आणि साहेब?"

"दुपारी चाक न्यायला आला तेव्हा नाचत होता. मास्तर, गल्ली सात उघडली! मला थांबवेना. साडेचारला तो निघाला, तसा मीही त्याच्या मागून फाटकातून आलो. तो माझ्या दारात उभा होता, चाक घेऊन. जुनं शीट त्यानं दप्तरातून शोधून आणलेलं. म्हणाला, अहो मास्तर, गंमत बघा, तुमचं घर रस्त्यात आहे! त्याला वाटलं, मला माहीतच नाही. हसत होता. म्हणाला, घाबरू नका, तुम्हाला दुसरीकडे जागा मिळेल. मी म्हटलं, हिला हलवलं तर ही मरेल. तो म्हणाला, अॅम्ब्युलन्स बोलवू की."

"मग?"

"मग म्हटलं, चल, फाटकापासून रेघ नीट धरून बघू, तुझी चूक असेल. त्याच्या हातात शीट, म्हणून चाक मी उचललं. खरं सांगतो, तोपर्यंत माझ्या मनात काही नव्हतं. फाटकापाशी टेकवलं. आणि हा," त्यांनी अंगठा हलवला, "हा गेला आपला. तो ओरडला, मास्तर, शून्य केलंत! मी लिहिलं नव्हतं! आणि परत हसला. म्हणाला, हरकत नाही, परत मोजू. चाक घ्यायला वाकला. परत मोजू म्हणाला, चाक्या. परत वर येणार होता, टकटक करत, हिच्या खिडकीपर्यंत. हातोडी पायाशीच होती."

"ती माझ्या जावयाची होती, हे माहीत होतं तुम्हाला?"

"दांड्यावर तुझं पागोटं होतं. कळलं."

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की मला बसावं लागलं.

"आत पाठवलंत त्याला. बोटं मोडलीत त्याची तिकडे."

"ऐक माझं." त्यांनी माझा हात धरला. अक्षरं गिरवताना धरायचे तसाच, मनगटाच्या वर. "डॉक्टर म्हणाले, ही आता महिनाभर. फार तर दोन. ती गेली की दुसऱ्या दिवशी मी स्वतः जाऊन सांगतो. लिहून देतो तुला आत्ता. जावई तरुण आहे रे. दोन महिने काढील. हिचं माझ्याशिवाय कोण करणार? कुशीवरसुद्धा मीच वळवतो."

"संध्याकाळी तो सही करणार आहे."

"मग कोर्टात फिरवता येते सही."

"अजून सात बोटं आहेत त्याची."

"चाक्या, मी तुला वाचायला शिकवलं."

"शिकवलंत."

"त्याचं काहीच नाही?"

मी उठून त्यांच्या चपला दारात सरळ करून ठेवल्या. ते समजले. आत गेले, बायकोला कुशीवर वळवलं, पाणी पाजलं. "कार्यालयात बोलावलंय," असं सांगताना ऐकू आलं. "लवकर या," ती म्हणाली.

फाटक पुन्हा बंद झालेलं, म्हणून आम्ही बसनं गेलो. चाळीस मिनिटं एका बाकावर. वाहकानं ओळखलं आणि म्हणाला, "काय मास्तर, आज उलट्या दिशेनं?"

चौकीत ते फौजदारासमोर बसले आणि कुणी हात न लावता सगळं सांगितलं. जुनं शीट घरात गादीखाली होतं, तेही सांगितलं. फौजदार माझ्यावर चिडला. त्याचा तयार कागद वाया गेला होता. "आधी सांगायला काय झालं होतं?" म्हणाला. जावयानं दुपारीच सही करून ठेवली होती, डाव्या हातानं.

७

तो बुधवारी सुटला. उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा वाकली नाहीत, आणि वेल्डिंगची टॉर्च धरता येत नाही तो वेल्डर काय कामाचा? पुढे त्यानं बंगल्यांवर पहारा केला, दुसऱ्यांच्या फाटकांवर.

रस्ता झाला नाही. खात्यानं कोपऱ्यांची मोजणी तिथेच बंद केली. साहेबांच्या जागी दोन वर्षं कुणी आलं नाही, आणि जुनं शीट कोर्टात पुरावा म्हणून गेलं ते परतच आलं नाही. पत्र्याच्या खोल्या मात्र कमिटीनं चार महिन्यांत उठवल्या. गुन्ह्याची जागा म्हणे, वसाहतीचं नाव खराब होतं. पोरगी आता शहराच्या नव्या टोकाला राहते. तिच्या घरापासून दवाखाना दिसतो. जायला नऊ किलोमीटर.

मास्तरांच्या बायकोचं करायला कुणी नव्हतं. अध्यक्षबाई दोन दिवस डबा पाठवत होत्या, मग म्हणाल्या की अशा घराशी संबंध ठेवणं बरं दिसत नाही. मग मीच जाऊ लागलो, रोज सकाळी, सहा किलोमीटर चारशे. कुशीवर वळवायचं, पाणी पाजायचं, चादर बदलायची. बाईमाणसाचं कसं करायचं मला कळत नव्हतं, तीच सांगायची.

"हे कधी येणार?" ती रोज विचारायची.

"लांबच्या मोजणीवर गेलेत, वहिनी."

"या वयात पाठवतात का उन्हात? तुम्ही साहेबाला सांगत का नाही?"

"सांगतो."

"तुम्ही होतात म्हणून बरं, भाऊजी," ती म्हणायची. "यांना मी सांगायची, चाक्याला शिकवलंत ते वाया नाही जायचं."

डॉक्टरांनी महिना सांगितला होता, फार तर दोन. तेवढे दिवस ती थांबली नाही.

पोरीची मुलगी गुरुवारी सकाळी आठच्या सुमारास रिक्षात गेली. मोजणी साहेब त्याच्या पुढच्या सोमवारी संध्याकाळी पाचला गेले. मास्तर सातव्या वर्षी तुरुंगात, झोपेत गेले. त्यांची बायको, मी मास्तरांना घेऊन गेलो त्या मंगळवारापासून अकराव्या दिवशी, शुक्रवारी, शेजारी म्हणाले, सकाळी सव्वानऊला गेली. मी दहाच्या बसनं पोचलो.